शब्दचर्चा: ‘प्रिव्हिलेज कॅब’ म्हणजे सवलतीची गाडी की मक्त्याची?

फलाटकर

ब्रिटनच्या शासनव्यवहाराचा इतिहास सांगणाऱ्या एका ग्रंथाचे भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. त्यातील १९०५ ते १९०८ या वर्षांवरच्या प्रकरणात रेल्वे स्थानकांवरील भाड्याच्या गाड्या आणि व्यापारी जहाजांची सुरक्षितता हे दोन विषय लागोपाठ येतात, आणि मी दोन्हीकडे अडलो आहे. आज पहिलाच प्रश्न मांडतो.

लंडनच्या मोठ्या स्थानकांच्या आवारात त्या काळी वाटेल त्या घोडागाडीला उतारूंची वाट पाहत उभे राहता येत नसे. ज्यांनी रेल्वे कंपनीकडे ठरावीक रक्कम भरलेली असे, त्यांच्याच गाड्या आत उभ्या राहत. बाहेरचा गाडीवाला कोणाला सोडायला आत आला, तर समोर भाडे दिसत असूनही त्याला रिकामी गाडी घेऊन परतावे लागे. या रिवाजाला ‘प्रिव्हिलेज कॅब सिस्टिम’ म्हणत, आणि १९०७ च्या लंडनच्या कॅब कायद्याने तो मोडीत काढला. मी ‘सवलतीच्या गाड्या’ असे लिहिले होते. कच्चा मजकूर माझ्या आत्याने वाचला आणि विचारले, “सवलत काढून घेतली म्हणजे लोकांना भाडे जास्त पडू लागले असेल, नाही का?” म्हणजे माझ्या शब्दाने वाचकाला नेमके उलटे सांगितले. योग्य शब्द कोणता?

जुनी_मोळी

आपल्या आत्याबाईंची शंका रास्त आहे. ‘सवलत’ हा शब्द सोपेपणा या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला, आणि मराठीत सवलत मिळाली की मिळवणाऱ्याचा खर्च किंवा त्रास कमी होतो. येथे गाडीवाला पदरचे पैसे मोजून आत शिरतो आहे. आधी धन्याला रक्कम द्यायची आणि मग ती लोकांकडून वसूल करायची, या व्यवहाराला आपल्याकडे मक्ता म्हणतात. बाजाराचा मक्ता, जकातीचा मक्ता हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. तेव्हा ‘मक्त्याच्या गाड्या’ असे बेलाशक लिहावे.

रुळांवर_हयात

मी पस्तीस वर्षे रेल्वेत काढली, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. पहिली ही की मक्ता एकाच्या नावे असतो. बोली लागते, एकजण घेतो, बाकीचे घरी जातात. फलाटकर सांगतात त्या पद्धतीत पैसे भरणारे गाडीवाले अनेक होते, आणि कंपनी त्यांतील प्रत्येकाला आवारात उभे राहण्याची मुभा देत होती. हा मक्ता नव्हे. सायकल तळाचा ठेका आणि हमालाचा बिल्ला यांत जो फरक आहे तोच येथे आहे, आणि ही गाडी बिल्ल्याच्या अंगाने जाते.

दुसरी गोष्ट अशी की प्रकरणाच्या मथळ्यात नुसते ‘रेल्वे कॅब’ असेल, तर सावध राहावे. आमच्याकडे कॅब म्हणजे इंजिनातील चालकाची जागा. एका अनुवादात ‘रेल्वे कॅबवरील निर्बंध’ याचे ‘इंजिनचालकाच्या कक्षाबाबतचे निर्बंध’ झालेले मी स्वतः वाचले आहे, आणि पुढच्याच वाक्यात त्या कक्षाला घोडे जुंपलेले होते.

आपल्याकडील कायद्यातही स्थानकावरच्या गाडीवाल्याची दखल आहे. १८९० च्या रेल्वे कायद्यात ट्रामगाडी, ऑम्निबस वा अन्य गाडीच्या चालकाने रेल्वेच्या आवारात रेल्वे नोकराची वाजवी सूचना मोडली, तर दंडाची तरतूद होती, आणि १९८९ च्या कायद्यातील कलम १५९ हे तिचेच वारस आहे. तिथे प्रश्न आज्ञापालनाचा आहे, पैसे भरून मिळणाऱ्या जागेचा नाही.

शुद्धमती

मुभा, मक्ता, ठेका, बिल्ला यांवर आपण सारे इतके रमलो आहोत की मुळातील ‘प्रिव्हिलेज’ला ‘विशेषाधिकार’ हा सरळ, सर्वमान्य शब्द आहे, हे कोणी म्हणतच नाही. ‘विशेषाधिकार गाडी’ म्हटल्याने काय बिघडते? शिवाय ‘कॅब’ तरी का ठेवावा? ‘भाटकयान’ असा शब्द सहज घडवता येतो. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी घडवला तेव्हाही लोक हसले असतील, आज त्याच्यावाचून चालत नाही.

जुनी_मोळी

शुद्धमतीताई, ‘भाटक’ आणि ‘भाडे’ हे एकाच घरातले शब्द आहेत. भाटकाचेच झिजून भाडे झाले. पिढ्यान् पिढ्यांच्या जिभेने घासून गुळगुळीत केलेला शब्द हाताशी असताना त्याला पुन्हा मूळ रूपात नेऊन बसवणे म्हणजे आजोबांना पाळण्यात निजवण्यासारखे आहे. आणि विशेषाधिकार म्हटले की विधिमंडळाचा हक्कभंग आठवतो. घोड्याच्या तोबऱ्याशेजारी तो शब्द शोभत नाही.

‘कॅब’बद्दल सांगायचे तर तो ‘कॅब्रिओले’ या फ्रेंच गाडीच्या नावाचा तुकडा आहे. ही दोन चाकांची हलकी गाडी धावताना उसळत असे, म्हणून उडी या अर्थाच्या शब्दावरून तिला ते नाव पडले, आणि त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला बोकड आहे. शुद्धीकरणच करायचे असेल, तर ‘अजोड्डाण’ म्हणा. मी मात्र ‘कॅब’च ठेवीन.

गिरगावची_नात

बोकडाच्या उडीवरून आठवले. माझी आजी भाड्याच्या घोडागाडीला ‘शिग्राम’ म्हणत असे. तो इंग्रजी शब्द असावा, असे मी कित्येक वर्षे समजत होते. पुढे कळले की इंग्रजांच्याच जुन्या शब्दसंग्रहात त्याची नोंद मुंबईकडील भाड्याची गाडी अशी आहे, आणि त्याचे मूळ मराठीतील ‘शीघ्र’ हे दिले आहे. म्हणजे आपलाच शब्द साहेबाच्या घरी जाऊन टोपी घालून परत आला. ‘व्हिक्टोरिया’चा प्रवास उलट दिशेचा. राणीच्या नावाची गाडी इतकी मुंबईकर झाली की ‘व्हिक्टोरियावाला’ हा शब्द परका वाटतच नाही. या गाड्यांचा कायदा १९२० चा होता, आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बंद करण्यास सांगितले, तेव्हा बातम्यांत पुन्हा ‘घोडागाडी’ हाच शब्द आला.

फलाटकरांच्या प्रश्नावर माझे मत असे की येथे ‘हक्काच्या गाड्या’ हा शब्द बसेल.

रुळांवर_हयात

‘हक्काची गाडी’ म्हटले की मला घरची, मागितली की मिळणारी गाडी आठवते. हा हक्क उतारूचा नव्हता, गाडीवाल्याचा होता, आणि तोही कंपनीची मर्जी असेपर्यंतच. रात्री-अपरात्री येणाऱ्या गाड्यांना घोडागाड्या हमखास मिळाव्यात म्हणून आम्ही ही व्यवस्था ठेवली आहे, असे कंपन्या म्हणत. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. नोकरीत असताना रात्री दोनच्या गाडीने उतरलेल्या कुटुंबाला एकही रिक्षा न मिळाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

खाडीकाठ

फलाटकर, आपण जहाजांचा प्रश्न मागे ठेवला आहे, पण खरी अडचण तिथेच येणार आहे, म्हणून आधीच विचारतो. रेल्वे आणि व्यापारी जहाजे ही दोन्ही खाती तिथे ‘बोर्ड ऑफ ट्रेड’कडे होती. त्याला आपण काय म्हटले आहे? ‘व्यापारी मंडळ’ म्हटले असेल, तर वाचकाला बाजारपेठेतील दुकानदारांची संघटना दिसेल. हे सरकारी खाते होते आणि त्याचा अध्यक्ष म्हणजे मंत्री. आपल्या प्रकरणातल्या काळात ते पद लॉइड जॉर्ज यांच्याकडे होते.

दुसरा प्रश्न ‘लोड लाइन’चा, म्हणजे माल भरल्यावर जहाज पाण्यात कोठवर बुडू द्यायचे हे दाखवणाऱ्या रेषेचा. पुष्कळजण ‘भारमर्यादा रेषा’ असे लिहितात. सॅम्युअल प्लिमसॉल या डर्बीच्या खासदाराने खच्चून माल भरलेल्या जहाजांविरुद्ध मोहीम चालवली, २२ जुलै १८७५ रोजी भर सभागृहात संतापून आकांडतांडव केले, आणि पुढच्या वर्षी जहाजाच्या अंगावर ही रेषा काढण्याची सक्ती झाली, येथवर सर्वांना ठाऊक असते. पण १८७६ च्या त्या कायद्यात रेषा कोठे काढायची हे मालकावर सोडले होते! कार्डिफच्या एका कप्तानाने ती थेट धुरांड्यावर रंगवली, अशी कथा सांगतात. रेषेची जागा कायद्याने ठरवून देण्यास १८९० उजाडले, आणि ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांना तो नियम लागू होण्यास १९०६. म्हणजे पहिली चौदा वर्षे ती नुसतीच रेषा होती, तिला मर्यादा कोणी म्हणू शकत नव्हते. तेव्हा त्या काळासाठी ‘भाररेषा’ आणि १८९० नंतर हवे तर ‘भारमर्यादा रेषा’ असा भेद पाळावा, अशी माझी सूचना आहे.

शुद्धमती

हे पटले, आणि एका शब्दाने कायद्यातले छिद्र दिसते हे मला विशेष आवडले. मात्र एकाच ग्रंथात एका इंग्रजी शब्दाला दोन प्रतिशब्द वापरल्यास शब्दसूची करणाऱ्याचे हाल होतील. ‘प्लिमसॉल रेषा’ म्हणावे आणि मोकळे व्हावे.

गिरगावची_नात

विलायतेत कापडी बुटांनाही ‘प्लिमसॉल’ म्हणतात, कारण रबरी तळ आणि कापड यांच्या सांध्यावरची पट्टी त्या रेषेसारखी दिसते. त्यापेक्षा वर पाणी आले की पाय भिजलेच!

खाडीकाठ

आणि ‘सीवर्दी’? शासकीय धाटणीत ‘सागरयोग्य’ म्हणतात. ‘अनसीवर्दी’ जहाज समुद्रात धाडणे हा गुन्हा ठरला, त्या वाक्यात अनेकजण ‘नादुरुस्त जहाज’ लिहितात, आणि ते साफ चूक आहे. जहाजाची फळी न् फळी, खिळा न् खिळा शाबूत असला, तरी त्यात बेसुमार माल कोंबला, किंवा नीरम, म्हणजे तोल राखण्यासाठी तळाशी भरलेले वजन, कमी ठेवून ते वरून जड झाले, तर ते दुरुस्त असूनही समुद्रात नेण्याजोगे राहत नाही. आमच्या खाडीत जुने तांडेल ‘बोट दर्याजोगी नाय’ म्हणत. मला ‘दर्याजोगी’ हाच शब्द हवा आहे.

त्यात ऋतूही येतो. भाररेषेच्या शेजारी उन्हाळ्याची, हिवाळ्याची, उष्ण कटिबंधाची, गोड्या पाण्याची अशा वेगवेगळ्या खुणा असतात, कारण तेच जहाज, तोच माल, पण समुद्र वेगळा. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटायची नाही, ही रंगाने न काढलेली रेषाच होती. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ आगबोट मुंबईहून रेवसला जाताना वादळी समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. माझ्या आजोबांचे थोरले बंधू त्या बोटीत होते. आजोबा पुढे कधीही ‘बोट बुडाली’ असे म्हणाले नाहीत. ते म्हणत, “आषाढात बोट सोडली.”

रुळांवर_हयात

आमच्या मामांच्या आळीतलेही दोघे त्यात गेले. घरात गटारी अमावास्या साजरी करणे तेव्हापासून बंद झाले, ते आजतागायत.

‘दर्या’ फारसी आहे, हे शुद्धमतीताई सांगण्यापूर्वी मीच सांगतो.

शुद्धमती

फारसी आहे, हे सांगणारच होते. परंतु ‘दर्याजोगी’ला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. तांडेलाच्या तोंडी तो शोभतो, कायद्याच्या कलमात शोभत नाही. “कोणीही व्यक्ती दर्याजोगे नसलेले जहाज पाठवील तर” हे वाक्य मोठ्याने वाचून पाहावे.

जुनी_मोळी

मी वाचून पाहिले. मला तर ते ‘सागरयोग्य’पेक्षा जास्त कायद्यासारखे वाटले, कारण ज्याच्यासाठी कायदा केला, त्याला ते कळेल. ‘आगबोट’ हा शब्द कागदपत्रांत चालला तो ‘अग्निनौका’ म्हटल्याने नव्हे.

फलाटकर

सर्वांचा आभारी आहे. ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ला मी खरोखरच ‘व्यापारी मंडळ’ लिहिले होते, ते आता ‘व्यापार खाते’ केले आहे. भाररेषेचा भेदही स्वीकारतो, शब्दसूचीचे हाल मी सोसेन. ‘दर्याजोगे’ एका ठिकाणी, खलाशाच्या जबानीत, घातले आहे. पण मूळ प्रश्न राहिलाच. सोमवारी मजकूर द्यायचा आहे आणि गाड्या अजून स्थानकाबाहेर उभ्या आहेत. ‘मक्त्याच्या’ नको, ‘हक्काच्या’ नको, ‘विशेषाधिकार’ नको. ‘आवारबंद गाड्या’ कसे वाटते?

रुळांवर_हयात

‘आवारबंद’ म्हटल्यावर त्या आत कोंडल्यासारख्या वाटतात. ‘मुभेच्या गाड्या’ म्हणावे.

जुनी_मोळी

‘मुभा’ फुकट असते. येथे पैसे मोजले आहेत.

गिरगावची_नात

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण वर सगळ्यांनी ‘उतारू’ लिहिले आहे. जो उतरतो तो उतारू, मग गाडीत चढण्यासाठी फलाटावर उभा असलेला माणूसही उतारूच कसा? माझे वडील त्याला ‘पाशिंजर’ म्हणत, आणि तो शब्द गाडीलाही चाले.

खाडीकाठ

पूर्वी मुक्कामाला उतरणाऱ्या पांथस्थालाही उतारूच म्हणत. उतारूशाळा आठवा. बोटीच्या बाबतीत मात्र आमच्याकडे उतारू चढायचाही आणि उतरायचाही, दोन्ही वेळा पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, कारण धक्का नव्हताच. याविषयी उद्या सविस्तर लिहितो.