जुन्या वाड्याच्या सागवानातून घरामागे २० बाय १२ ची लाकडी शेड: पाया, छप्पर, वाळवी यावर सल्ला हवा

मखमलाबादची

नमस्कार मंडळी,

जुन्या नाशकातला आमचा वाडा दोन वर्षांपूर्वी उतरवला. लाकूड चार चुलत घरांत वाटून घेतलं. आमच्या वाट्याला सागवानाचे अकरा खांब, सात तुळया आणि कडीपाटाच्या बऱ्याच फळ्या आल्या. खांब साधारण सहा बाय सहाचे, साडेआठ फूट उंच. सगळं मखमलाबादला घरामागे प्लास्टिकच्या कागदाखाली रचून ठेवलंय. विकायला मन होत नाही. बाबांचं लहानपण त्या खांबांभोवती गेलं आहे.

आता संक्रांत झाली, हातात चार-साडेचार महिने आहेत. मृग लागायच्या आत घरामागे २० बाय १२ फुटांची सामानाची शेड याच लाकडातून उभी करायची आहे. आत जाईल ते असं: बाबांची सुतारकामाची हत्यारं, मळ्यातले क्रेट, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, फवारणीचा पंप, दोन सायकली, गणपतीचं मखर. राहायची खोली नाही.

जो भेटतो तो सांगतो, लोखंडी सांगाडा करा, पत्रा मारा, आठवड्यात मोकळे व्हाल. तो सल्ला मला नको आहे. लाकडाचीच करायची आहे, पण ती वीस-पंचवीस वर्षं टिकावी. जमीन काळी आहे, किती खोल ते खणून पाहिलेलं नाही. खांब जमिनीत गाडायचे की कसं? छप्पर कौलांचं की पत्र्याचं? वाळवीचं काय? परवानगी लागते का?

रंधा

ताई, बाकीचं नंतर. आधी तो प्लास्टिकचा कागद आजच काढा.

कागदाखाली जमिनीची वाफ अडकते आणि लाकूड रोज रात्री ओलं होतं. बुरशी दिसली असेल तर ती तिथूनच. खाली विटा किंवा दगड ठेवून रास जमिनीपासून फूटभर उचला, प्रत्येक थरामध्ये एकसारख्या जाडीच्या रिपा आडव्या टाका, आणि त्या रिपा एकाखाली एक सरळ रेषेत येऊ द्या, नाहीतर फळ्या वाकतील. वर फक्त पत्रा टाका, बाजू उघड्या राहू देत.

मग प्रत्येक खांब तपासा. हातोडीने खालून वर ठोकत जा. ठणठणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळ आहे. दोन्ही टोकांना टोच्या खुपसून बघा. सागवानाचा गाभा सहसा शाबूत निघतो, कीड लागते ती कडेच्या फिकट भागाला. तेवढा भाग तासून काढला की झालं. पण तासायच्या आधी मोठं लोहचुंबक फिरवा. जुन्या लाकडात खिळे मोडून राहिलेले असतात आणि एक खिळा मशीनच्या पात्याचे दात घालवतो. आमच्या कारखान्यात हे जुनं लाकूड कापायला घ्यायला लोक नाखूष असतात ते याचमुळे.

एक मोठा फायदा तुमच्याकडे आहे. हे लाकूड पूर्ण वाळलेलं आहे. नवीन लाकूड वखारीतून आणलं की पहिल्या उन्हाळ्यात आकसतं आणि पिळवटतं. तुमचं आता तसं पिळवटणार नाही.

निफाडकर

खांब जमिनीत गाडू नका. मी केलेली चूक सांगतो.

मळ्यात अवजारांसाठी शेड केली होती. खड्डे घेतले, निलगिरीचे खांब उभे केले, भोवती काँक्रीट ओतलं. वाटलं, आता भूकंप आला तरी हलणार नाही. चौथ्या पावसाळ्यात एक खांब मुठीने ढकलला तर जमिनीच्या रेषेवर मोडला. खालचा भाग गाडलेल्या जागी तसाच, वरचा भाग ठणठणीत, मधला सहा इंच चुरा. लाकूड आकसलं की त्याच्या आणि काँक्रीटच्या मध्ये फट पडते. तिथे पावसाचं पाणी साचतं, त्याला खाली जायला वाट नसते. म्हणजे आपण खांबाला पाण्याच्या पेल्यात उभं केलेलं असतं.

आमच्याकडे गावोगाव कांदाचाळी आहेत, त्यांच्याकडे बघा. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली असते, तळाला फटी, बाजूंना फटी. कांद्याला खालून वारा मिळाला नाही तर तो सडतो, म्हणून. शेडच्या लाकडालाही नेमकं तेच लागतं. लाकूड भिजल्याने मरत नाही, भिजून वाळायला मिळालं नाही की मरतं. दुसरी शेड मी चाळीसारखी उचलून बांधली, तिला अकरा वर्षं झाली.

दिशेचंही बघा. पावसाचा मारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून असतो. त्या बाजूला दार-खिडकी ठेवू नका आणि वळचण तिकडे जास्त बाहेर काढा.

नकाशावाला

निफाडकरांना +१. वाड्यात हे आधीपासूनच सोडवलेलं होतं. खांब कधी मातीत नसतो, तळखड्यावर म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर असतो आणि तळखडा जोत्यावर. म्हणून शंभर वर्षांनी तुम्ही ते खांब परत वापरू शकता.

पण इथे एक फरक लक्षात घ्या, तो बहुतेक लोक विसरतात. वाड्यातला खांब तळखड्यावर नुसता टेकलेला चालायचा, कारण त्याच्या डोक्यावर माळा, माती, कौलं असं प्रचंड ओझं होतं. तुमच्या शेडवर पत्रा येणार. वळवाच्या पावसाआधीचं वादळ आलं की वारा आत शिरून छप्पर वर उचलतो. त्यामुळे तुमचा खांब नुसता टेकवून भागणार नाही, तो वर जाऊ न देण्याची गरज आहे. काँक्रीटमध्ये गॅल्व्हनाइज केलेल्या जाड लोखंडी पट्ट्या रोवा, त्या तळखड्याच्या दोन बाजूंनी वर आणा आणि खांबाच्या दोन्ही अंगांना आरपार बोल्टने बांधा. तशीच पट्टी वर खांब आणि तुळईच्या जोडावर. वासे तुळईलाही असेच बांधा, नुसत्या खिळ्यांवर विसंबू नका.

पाया: काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेलं सगळं वर्षातून एकदा वर-खाली होतं. कुठेतरी कोपऱ्यात खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते बघा. प्रत्येक खांबाखाली मुरमापर्यंत खणा, तळाला काँक्रीट, वर दगडी बांधकाम किंवा काँक्रीटचा ठोकळा, तो जमिनीच्या वर किमान सव्वा फूट. सगळ्या शेडखाली कोबा करायची गरज नाही. खणलेली काळी माती परत आत भरू नका, मुरूम भरा आणि चोपा.

वीस फुटाच्या बाजूला पाच-पाच फुटांवर खांब घेतले तर दोन्ही बाजूंचे मिळून दहा होतात. तुमच्याकडे अकरा आहेत. मध्ये लांबीच्या दिशेने फक्त ठोकळ्यांची एक रांग द्या, म्हणजे तळाच्या फळ्या पेलणाऱ्या कड्यांना बारा फुटांऐवजी सहा-सहा फुटांचे टप्पे मिळतील. ३ बाय ५ च्या कड्या उभ्या बसवून दीड-दीड फुटावर टाका. तळाच्या पाटासाठी २४० चौरस फूट इंची फळी म्हणजे २० घनफूट, कापण्यातली घट धरून २३. तुमचा कडीपाट मोजून बघा, बहुधा विकत घ्यावं लागणार नाही.

परवानगी: मागचं सामासिक अंतर, म्हणजे घर आणि कुंपण यांमधली जागा, मोकळं सोडायचं असतं आणि कायमची शेड त्यात येत असेल तर प्रश्न येऊ शकतो. बंगल्याचा मंजूर नकाशा घेऊन एखाद्या परवानाधारक अभियंत्याला दाखवा आणि महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागात आधीच विचारा. शेजाऱ्यांच्या भिंतीला चिकटवून बांधू नका. छपराचं पाणी त्यांच्याकडे गेलं की तक्रार नक्की होते.

मखमलाबादची

कागद काल संध्याकाळीच काढला. बाबा स्वतः रिपा लावत बसले होते. छपराबद्दल अजून कुणी बोललं नाही. बाबांना कौलं हवी आहेत.

रंधा

कौलं सुंदर दिसतात आणि आत गारवा राहतो, पण त्यांना उतार जास्त लागतो. बारा फूट रुंदीला आढं भिंतीपेक्षा साडेतीन फूट वर न्यावं लागेल. शिवाय दरवर्षी कुणीतरी वर चढून सरकलेली कौलं बसवायला हवीत, आणि ते करणारी माणसं आता शोधावी लागतात. पत्र्याला दीड-पावणेदोन फुटांची चढण पुरे. मी पत्रा सुचवेन. बाबांना सांगा, खांबांसाठी हे करतोय. छपराच्या खाली एप्रिल-मेमध्ये भट्टी होते, तर वाशांवर आधी फळ्यांचं आच्छादन करा, त्यावर रिपा, त्यावर पत्रा. मधून हवा खेळते. दोन्ही त्रिकोणी भिंतींत आढ्याखाली जाळीचे झरोके ठेवा.

वळचण दोन्ही बाजूंना दोन फूट. हे सोडू नका. पत्र्याचं एकूण क्षेत्र साधारण २२ बाय १६ फूट होईल, त्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तरी सव्वातीनशे लिटर पाणी खाली येतं. ते पायाशी पडू दिलं तर सगळी मेहनत वाया. पन्हाळ लावा आणि पाणी पाइपने टाकीत किंवा झाडांकडे न्या.

भिंतींसाठी उभ्या फळ्या आणि सांध्यावर बाहेरून पट्टी. पट्टीचा खिळा सांध्यातून जाऊ द्या, दोन्ही फळ्यांना एकदम ठोकू नका. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, तिला जागा लागते. तळाच्या पाटातही तसंच. मे महिन्यात कोरड्या फळ्या घट्ट ठोकल्या तर जुलैत पाट फुगून वर येईल. रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट सोडा.

शिवारफेरी

भिंतींना फळ्या कमी पडल्या तर अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली पॅकिंगची पाइनची लाकडं भंगारवाल्यांकडे मिळतात. घेताना शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते घ्या. एमबी शिक्का म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया, ते मी घरी आणणार नाही. आणि पाइन फक्त भिंतीच्या वरच्या भागाला, जमिनीजवळ नाही. वाळवीला ते सागवानापेक्षा फार आवडतं.

सागवान कमी पडलं म्हणून कुणी पेठ-सुरगाण्याकडून ‘जंगलचा माल’ स्वस्तात आणून देतो म्हणाला तर थेट नाही म्हणा. साग १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, खासगी जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. वखारीतून पावती घेऊनच घ्या. वाड्याच्या लाकडाचेही वाटणीचे कागद आणि वाडा उतरवतानाचे फोटो जपून ठेवा.

पाटाची_वही

वाळवीवर मी सांगते, आमच्या घरात तीन वर्षं तिच्याशी लढाई चालू होती.

वाळवी मातीतून येते आणि येताना मातीची बोगदी बांधते, उजेड आणि कोरडी हवा तिला सहन होत नाही. म्हणून शेड उचललेली असण्याचा सगळ्यात मोठा उपयोग हा, की ठोकळ्यावर चढलेली मातीची रेघ दिसते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन वाकून बघायचं. दिसली की खरवडायची आणि तिथे औषध द्यायचं. शेडखाली काहीही साठवू नका, जळणाचे ओंडके तर नाहीच. आम्ही तेच केलं होतं आणि वाळवी ओंडक्यांतून वर चढली.

पायाच्या खड्ड्यांत काँक्रीटच्या आधी इमिडाक्लोप्रिडची फवारणी करून घ्या, प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेवढंच. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर करणाऱ्याला आधी सांगा. आतल्या लाकडांना बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं पाणी चालतं, बाहेरच्या भिंतींना नाही, कारण पावसात धुऊन जातं. गाडीचं जळकं काळं तेल कुणी सुचवेल, ते लावू नका. वास जात नाही आणि माती खराब होते.

खालच्या मोकळ्या जागेला चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची जाळी मारा. उंदीर आले की मागोमाग साप येतात. मखमलाबादकडे घोणस निघते, तुम्हाला माहीत असेलच. जाळीचा एक भाग उघडता येईल असा ठेवा, नाहीतर बघायला वाकणार कुठून?

रंधा

बाहेरून उकळलेलं जवसाचं तेल द्या, पहिल्या वर्षी दोनदा, मग दरवर्षी दिवाळीनंतर. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. उन्हात एकेक पसरून कडक वाळवा, मगच टाका. लाकडी शेडमध्ये हे विसरून चालत नाही.

मखमलाबादची

दहा दिवसांनी लिहितेय. खड्डा घेतला, तीन फुटांवर मुरूम लागला. अभियंत्यांना जागा दाखवली. त्यांनी शेड कुंपणापासून थोडी आत सरकवायला सांगितली आणि महापालिकेत अर्ज दिलाय. छपराला पत्रा ठरला. बाबा दोन दिवस गप्प होते, मग म्हणाले, आतून फळ्यांचं आच्छादन आहे ना, मग चालेल.

खांब ठोकून पाहिले. नऊ उत्तम. दोन खालून पोकळ निघाले, एक फूट कापावे लागतील. मग बाकीचे नऊही तेवढेच कापायचे का? कापायला बाबा तयार नाहीत.

नकाशावाला

कापू नका. एकच आखूड खांब वापरावा लागेल, दुसरा बाजूला ठेवा. जो वापराल त्याच्या खालचा ठोकळा फूटभर उंच करा. तो खांब कोपऱ्यात न घेता मधल्या जागी घ्या. खांबाच्या तळाला आणि दगडाच्या मध्ये डांबरी फेल्टचा तुकडा घाला, म्हणजे दगडातून ओल वर चढणार नाही. तळखडे नवीन घडवून घेणार का?

मखमलाबादची

वाड्याचेच आहेत. चुलतभावाकडे गेले होते, त्याने अंगणात बसायला मांडलेत. आज फोन केला. दहा देतो म्हणाला, रविवारी टेम्पो घेऊन जातोय. बाबाही येणार आहेत, कुठला तळखडा कुठल्या खांबाचा ते त्यांना आठवतंय.