अपर बिग ब्रँच (२०१०): युनियन असती तर नेमकं काय वेगळं झालं असतं?

प्रश्न: डोंगरवाट

वेस्ट व्हर्जिनियातल्या अपर बिग ब्रँच कोळसा खाणीत ५ एप्रिल २०१० ला स्फोट होऊन २९ कामगार गेले. खाण मॅसी एनर्जीच्या उपकंपनीची, कामगारांची युनियन नाही. याबद्दल जिथे वाचावं तिथे एक तर 'मालकाची हाव' किंवा 'युनियन असती तर हे घडलंच नसतं' एवढंच हाती लागतं. दोन्ही पटतं, पण त्यातून कळत काहीच नाही. वायू तर युनियन असली काय नि नसली काय, तसाच निघणार. मग युनियनचा माणूस खाणीत नेमकं काय करतो, की ज्यामुळे स्फोट टळावा? आणि कायदा होता, निरीक्षक येत होते, तर ते कुठे कमी पडले? जाणकारांनी सविस्तर लिहावं. भाषणं नकोत, तपशील हवेत.

प्रतिसाद: लोखंडी चॉक

आधी स्फोट कसा झाला ते पाहू, बाकीचं त्यावरच उभं आहे.

ही लाँगवॉल खाण. कोळशाच्या लांबलचक भिंतीसमोर शिअरर हे यंत्र मागेपुढे फिरतं, त्याच्या दोन ड्रमवर पोलादी दाते असतात. दाते धारदार असले की कोळसा कापतात. झिजले की छताच्या किंवा तळाच्या वालुकाश्मावर नुसते घासतात आणि दगडावर तापून लाल झालेली रेघ उमटते. मिथेन पेटायला ती रेघ पुरते. म्हणूनच ड्रमवर पाण्याचे फवारे बसवलेले असतात: धूळ दाबायची आणि ती रेघ विझवायची. इथे दाते झिजलेले होते आणि काही फवाऱ्यांचे नोझलच गायब होते. नोझल नसलं की त्या भोकातून पाणी भळाभळा वाहून जातं आणि उरलेल्या फवाऱ्यांचा दाब पडतो. लांबून पाहणाऱ्याला मात्र ड्रम ओला दिसतो, म्हणजे सगळं ठीक.

हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर स्फोट होतो. वायुवीजन नीट असेल तर फेसवर, म्हणजे कोळसा कापतात त्या भिंतीपाशी, ही पातळी येऊच नये. इथे लाँगवॉलच्या शेवटच्या टोकाला, गोफच्या (कोळसा काढून झाल्यावर मागे कोसळू दिलेल्या जागेच्या) बाजूला, हवा पुरेशी पोचत नव्हती आणि वायू साचला.

आता महत्त्वाचं. एवढ्यावर २९ माणसं मरत नाहीत. फेसवर मिथेनचा छोटा भडका उडणं ही खाणकामात अनोळखी गोष्ट नाही, तो बहुतेकदा तिथल्या तिथे संपतो. इथे त्या भडक्याने गॅलऱ्यांमध्ये साचलेली कोळशाची धूळ उडाली, ती पेटली, तिच्या लाटेने पुढची धूळ उडाली, आणि हे सत्र दोन मैलांहून अधिक लांबीच्या बोगद्यांतून फिरलं. हे थांबवायचा उपाय शंभर वर्षांपासून माहीत आहे: स्टोन डस्ट, म्हणजे चुनखडीची बारीक भुकटी. छत, बाजू, तळ सगळीकडे मारायची. लाट आली की तीही कोळशाच्या धुळीबरोबर उडते आणि उष्णता शोषून ज्वाळा मारते. अमेरिकेत तेव्हा नियम होता की न जळणारा भाग ताज्या हवेच्या रस्त्यांत किमान ६५ टक्के आणि परतीच्या हवेच्या रस्त्यांत ८० टक्के हवा. या स्फोटानंतर सगळीकडे ८० टक्के केलं.

भुकटीबाबत दोन गोष्टी लोक विसरतात. एक, ती भिजून घट्ट झाली की उडत नाही, आणि उडाली नाही तर तिचा उपयोग शून्य. दुसरं, पांढऱ्या थरावर बेल्टवरून (कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरून) उडालेल्या काळ्या धुळीचा कागदाएवढा पातळ थर बसला तरी ज्वाळा पुढे सरकू शकते. म्हणजे हे घर रंगवण्यासारखं एकदाचं काम नाही, रोजचं आहे. अपर बिग ब्रँचमध्ये ते दोन-तीन माणसं आणि सारखं बंद पडणारं जुनं यंत्र यांच्यावर सोडलेलं होतं, आणि ती माणसंही दुसऱ्या कामाला ओढली जायची.

तळातून अचानक नैसर्गिक वायूचा लोंढा आला, असं कंपनी म्हणत राहिली. सरकारी आणि स्वतंत्र चौकशांनी ते मानलं नाही. दाते, नोझल, हवा, भुकटी: चारांपैकी एकही गोष्ट महागडी नाही. महाग असतो तो शिअरर थांबलेला वेळ.

प्रतिसाद: कलम आणि पाळी

वरच्या प्रतिसादाचं शेवटचं वाक्य धरूनच पुढे जातो.

अमेरिकेचा १९७७ चा खाण कायदा युनियन नसलेल्या कामगारालाही बरेच हक्क देतो. दोन कामगारांनी मिळून कुणालाही आपला प्रतिनिधी नेमता येतं, मग ती व्यक्ती असो वा संघटना. निरीक्षक आला की हा प्रतिनिधी त्याच्याबरोबर खाणीत फिरू शकतो, आणि तो त्याच खाणीतला कामगार असेल तर त्या वेळेचा पगारही कापता येत नाही. धोका दिसला तर लेखी तक्रार देऊन तातडीची तपासणी मागता येते आणि तक्रारदाराचं नाव मालकाला कळवत नाहीत. त्यावरून नोकरी गेली तर ६० दिवसांत दाद मागायची, निकालाआधी तात्पुरतं कामावर परत घेण्याचा आदेशही मिळू शकतो.

मग अडलं कुठे? दोन ठिकाणी.

पहिलं, नोंदवही. पाळी सुरू व्हायच्या आधीच्या तीन तासांत प्रमाणित माणसाने फेस, रस्ते, बेल्ट तपासून कायद्याने ठेवायच्या वहीत धोके लिहायचे असतात. निरीक्षक हीच वही पाहतो. अपर बिग ब्रँचमध्ये उत्पादन आणि देखभालीची वेगळी अंतर्गत वही होती, आणि जे धोके कायदेशीर वहीत हवे होते त्यातले काही फक्त तिच्यात सापडले. म्हणजे व्यवस्थापनाला माहीत, खाली उतरणाऱ्याला नाही.

दुसरं, आगाऊ खबर. निरीक्षक फाटकावर आला की रेडिओवरून खाली निरोप जायचा. निरीक्षक फेसपर्यंत पोचायला बराच वेळ लागतो, तेवढ्यात हवा वळवणारे पडदे लावून होतात, भुकटी मारून होते. ही खबर देणं गुन्हा आहे. कंपनीच्या सुरक्षारक्षकांच्या प्रमुखाला तपासात खोटं बोलणं आणि कागदपत्रं नष्ट करायला लावणं यासाठी ३ वर्षांची कैद झाली. खाणीच्या एका सुपरिंटेंडेंटने तर यंत्रावरचा मिथेन मॉनिटर बायपास करायला लावल्याचं कबूल केलं. हा मॉनिटर १ टक्क्याला इशारा देतो आणि २ टक्क्यांना यंत्राची वीज आपोआप तोडतो. तो बायपास केला की यंत्र चालू राहतं, आणि कुणालाच काही कळत नाही.

युनियनचा फरक इथे पडतो. युनायटेड माइन वर्कर्सच्या राष्ट्रीय करारात प्रत्येक खाणीला सुरक्षा समिती असते. तिचे लोक स्वतः फिरतात, वही वाचतात, आणि तात्काळ धोका दिसला तर त्या भागातून माणसं बाहेर काढायला लावू शकतात. टनांचा हिशेब त्यांच्या डोक्यावर नसतो. दोन वह्या ठेवणं मग अवघड होतं, कारण दुसरी वही पाहिलेला माणूस पहिलीही वाचत असतो.

आकडे हवेत तर स्टॅनफर्डच्या ॲलिसन मोरांट्झ यांचा २०१३ चा अभ्यास पाहा. १९९३ ते २०१० या काळातल्या भूमिगत कोळसा खाणींत, इतर घटक जुळवल्यावर, युनियन असलेल्या खाणींत गंभीर इजा १४ ते ३२ टक्के आणि मृत्यू २९ ते ८३ टक्के कमी निघाले. गंमत म्हणजे किरकोळ इजांच्या नोंदी युनियनच्या खाणींत जास्त होत्या. तिथे बोट चेचलं तरी लिहिलं जातं, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

सरकारचंही सांगायला हवं. वारंवार नियम मोडणाऱ्या खाणींची यादी लावणाऱ्या संगणक प्रणालीत चूक झाली आणि ही खाण इशारा-पत्रातून निसटली. नंतर कंपनीला १ कोटी ८ लाख डॉलरचा दंड झाला. मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप गंभीर आरोपांतून सुटले, नियम मोडण्याच्या कटाच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरले: एक वर्ष कैद आणि अडीच लाख डॉलर दंड. शिक्षा ६ एप्रिल २०१६ ला सुनावली, स्फोटाला सहा वर्षं होऊन एक दिवस झाल्यावर.

प्रतिसाद: उलट हवा

सगळं मान्य, पण 'युनियन म्हणजे सुरक्षितता' हे समीकरण इतक्या सहज मांडू नका.

फार्मिंग्टन, तेही वेस्ट व्हर्जिनियाच. २० नोव्हेंबर १९६८, ७८ मृत. या खाणीत युनियन होती, तीच युनायटेड माइन वर्कर्स. स्फोटानंतर तिचे अध्यक्ष टोनी बॉइल तिथे आले आणि कंपनी सुरक्षेबाबत किती सहकार्य करते याचं कौतुक करून गेले. पुढे उघड झालेल्या एका निरीक्षकाच्या टिपणानुसार एका पंख्याचा धोक्याचा इशारा बायपास केलेला होता. पंखा बंद पडला की खाणीची वीज तुटायला हवी होती, ती तुटलीच नाही. म्हणजे अपर बिग ब्रँचचा मॉनिटर आणि हा पंखा, एकच खोड, मध्ये चाळीस वर्षं आणि एक युनियन.

बॉइल यांच्याविरुद्ध जोसेफ याब्लोन्स्की १९६९ ची निवडणूक लढले, हरले, आणि ३१ डिसेंबरला पत्नी व मुलीसह त्यांचा खून झाला. त्या कटात बॉइल दोषी ठरले. बदल घडवला तो युनियनमधल्याच बंडखोरांनी. १९७२ च्या फेरनिवडणुकीत त्यांचे आर्नल्ड मिलर अध्यक्ष झाले. मधल्या काळात, १९६९ साली, संघीय कोळसा खाण कायदाही झाला.

तुर्कस्तानातलं सोमा, १३ मे २०१४, ३०१ मृत. तिथेही युनियन होती. खाण सरकारी, चालवायला खासगी कंपनीकडे, आणि निघेल तेवढा कोळसा सरकार विकत घेणार. अशा करारात प्रत्येक जादा टन म्हणजे थेट नफा. टोळ्या मुकादमांच्या हाताखाली. बहुतेक मृत्यू कार्बन मोनॉक्साइडने झाले. दुर्घटनेनंतर कामगार कंपनीवर जितके चिडले तितकेच आपल्या युनियनवर.

म्हणून युनियन आहे का, हे विचारून भागत नाही. सुरक्षा समितीतला माणूस कोण निवडतं ते विचारा. कामगारांनी मतदानाने निवडलेला असेल तर एक गोष्ट, व्यवस्थापन आणि पुढारी यांनी मिळून नाव ठरवलं असेल तर तो समितीच्या बैठकीत चहा पिऊन येतो.

डोंगरवाट

तिघांचेही आभार. चंद्रपूर-वणी पट्ट्यात वेकोलिच्या (सरकारी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणी आहेत, सगळ्या युनियन तिथे हजर. आपल्याकडे या समितीसारखं काय आहे?

प्रतिसाद: वर्धा व्हॅली

आहे, आणि कागदावर चांगलं आहे. खाण नियम १९५५ प्रमाणे ५०० किंवा जास्त लोक असलेल्या खाणीत तीन कामगार निरीक्षक नेमायचे: खाणकाम, विद्युत आणि यांत्रिकीसाठी एकेक. नेमतो मॅनेजर, पण नोंदणीकृत युनियनशी सल्लामसलत करून. १०० हून जास्त लोक असतील तर सुरक्षा समिती. तिचा अध्यक्ष मॅनेजर, बैठक ३० दिवसांतून किमान एकदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्याशी विसंगत नाहीत तोवर जुने नियम चालतात.

मेख एवढीच की हा कामगार निरीक्षक त्याच खाणीचा नोकर. त्याने पानांवर क्रमांक घातलेल्या बांधीव रजिस्टरात लिहायचं आणि मॅनेजरने त्याखाली काय केलं ते लिहायचं. त्यामुळे सगळं लिहिण्यावर अवलंबून. 'हवा कमी आहे' असं लिहिलं की खाली 'सुधारणा केली' असं येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी असं लिहावं: अमुक डिस्ट्रिक्ट (खाणीचा विभाग), रिटर्न एअरवे (परतीच्या हवेचा रस्ता), १०:४० वाजता, मिथेन ०.९ टक्के, मीटरचा क्रमांक अमुक. डिस्ट्रिक्टच्या परतीच्या हवेत मर्यादा ०.७५ टक्के आणि खाणीत कुठेही १.२५ टक्के आहे, म्हणजे या नोंदीला उत्तर आकड्यातच द्यावं लागतं. स्टोन डस्टचंही तसंच. कोळशात बाष्पशील भाग (तापवल्यावर वायू होऊन निघणारा) ३० टक्क्यांच्या आत असेल तर न जळणारा भाग ७५ टक्के हवा, वर असेल तर ८५. नमुना कुठून घेतला तेही विचारा, चकचकीत पांढऱ्या जागेवरून घेतलेला नमुना नेहमीच पास होतो.

पण आपली सगळ्यात मोठी दुर्घटना वायूची नाही, पाण्याची. धनबादजवळचं चासनाला, २७ डिसेंबर १९७५, ३७५ मृत. जुन्या, पाणी भरलेल्या कामांचं पाणी खालच्या कामांत फुटलं. अशा पाण्यापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही. गेलात तर गॅलरी २.४ मीटरपेक्षा रुंद-उंच नको, आणि फेसच्या मध्यावर व बाजूंना आगाऊ बोअर मारत, ती भोकं फेसच्या किमान ३ मीटर पुढे ठेवत जायचं. इथे निरीक्षकाला मीटर नाही, नकाशा लागतो. शेजारच्या बंद खाणीचा नकाशा मागा, त्यावरची शेवटची मोजणी कधीची आहे ते पाहा, आणि खाण बंद होण्याच्या तारखेशी ताडून बघा. मधले महिने नकाशावर नसतील, पण तेवढा कोळसा काढलेला असतो.

ठेकेदाराच्या माणसांचं या रजिस्टरात फारसं प्रतिबिंब पडत नाही, हे मात्र खरं. युनियनचं सदस्यत्व नाही, समितीत आवाज नाही, आणि ओपनकास्टमध्ये (उघड्या खाणीत) डंपर चालवणारे बरेचदा तेच.

डोंगरवाट

एक उरलं. अपर बिग ब्रँचमध्ये दोन कामगारांनी प्रतिनिधी नेमला असता तर पुरलं असतं ना? मग कुणी नेमला का नाही?

प्रतिसाद: कलम आणि पाळी

स्फोटानंतर नेमला. चौकशीसाठी कामगारांनी युनायटेड माइन वर्कर्सलाच प्रतिनिधी केलं, कंपनीचा विरोध असूनही. आधी का नाही, याचं उत्तर नियमातच आहे: प्रतिनिधीच्या नेमणुकीचा कागद मालकाला द्यावा लागतो आणि मालकाने तो खाणीच्या सूचनाफलकावर लावायचा असतो. गुप्त तक्रारीचंही तेच. नाव कळवत नाहीत, पण एका सेक्शनवर पाळीला आठ-दहा माणसं. तक्रारीत 'सेक्शन अमुक, पडदा काढलेला' असं लिहिलं की फोरमनला फार विचार करावा लागत नाही.