मिशनची नोकरी: व्रत कोणाचं आणि पगार कोणाचा?

नाईट ड्यूटी

नर्सिंग भरतीच्या चर्चेत काल निर्मळकर यांनी लिहिलं, ‘मिशनच्या दवाखान्यात काम म्हणजे देवाची चाकरी. पगाराचाच हिशेब मांडायचा असेल तर कॉर्पोरेट हॉस्पिटल गाठा.’ याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हा वेगळा धागा.

वॉर्डात ‘सिस्टर’ अशी हाक मारली की दोघी वळून बघतात. एक धर्मभगिनी, म्हणजे नन. दारिद्र्याचं व्रत तिने आपण होऊन घेतलंय आणि तिचं जेवणखाण, दुखणंखुपणं, म्हातारपण तिचा धर्मसंघ बघतो. दुसरी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका करून आलेली परिचारिका. तिच्यामागे खोलीचं भाडं आहे, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आहे. व्रत पहिलीने घेतलं, त्याची किंमत दुसरीच्या पगारातून का वळती करायची? रविवारी उपासनेत बायबलमधलं ‘मजूर आपल्या मजुरीस योग्य आहे’ वाचायचं आणि सोमवारी अकाउंट्सच्या खिडकीत ‘सेवाभाव ठेवा’ ऐकवायचं, हे मला पटत नाही.

आणि आकडे हवेतले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारस केलीय. २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार. १०० ते २०० खाटांना त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आत असतील तरी २०,००० च्या खाली नाही. केरळने २०१८ मध्ये किमान वेतन २०,००० वर नेलं. तिथे मिशनचे दवाखाने कमी आहेत का?

निर्मळकर

माझं वाक्य कडक होतं, पण तुम्ही अर्धीच बाजू मांडताय. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षं दर वाढवता येत नाहीत, सरकारी योजनेचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. मग सरकारी वेतनश्रेणी द्यायची कुठून? मिरजेला १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी रुग्णालय उभं केलं तेव्हा घरंदाज घरातल्या मुली नर्सिंगकडे फिरकत नव्हत्या. हा पेशाच मिशनने इथे रुजवला. आणि हा प्रश्न फक्त ख्रिस्ती संस्थांनाच का विचारायचा?

पगारबिल

शेवटचा मुद्दा बरोबर आहे. ते १०-१० टक्के आणि २ टक्के सगळ्याच धर्मादाय रुग्णालयांना लागू आहेत. पण मग तीच सबब मिशनच्या कमी पगारालाही पुरत नाही.

पगार कमी की जास्त यावर भांडण्याआधी पगारपत्रक उलगडा. समजा एकूण २४,००० आहेत. मूळ आणि महागाई मिळून १२,०००, ‘विशेष भत्ता’ ७,०००, घरभाडं ५,०००. पीएफ कापला जातो १२,००० वर, म्हणजे १,४४०. आता सर्वोच्च न्यायालयाचा २८ फेब्रुवारी २०१९ चा विवेकानंद विद्यामंदिर निकाल बघा. जो भत्ता सगळ्यांना सरसकट दिला जातो, तो पीएफसाठी मूळ पगारातच धरायचा. घरभाडं बाहेर, विशेष भत्ता आत. रक्कम होते १९,०००, मर्यादा १५,००० ची, म्हणून कपात १,८०० हवी. फरक ३६० चा, तेवढाच मालकाकडून. महिन्याला ७२०, वर्षाला ८,६४०, दहा वर्षांत व्याज सोडून ८६,४००. ‘सेवा’ या शब्दाखाली एवढं पीएफमध्ये जमाच होत नाही आणि हातात येणारा पगार मात्र थोडा जास्त दिसतो, म्हणून कोणी बोलत नाही.

बोनसचं मात्र ऐकून ठेवा. नफ्यासाठी न चालवलेली रुग्णालयं बोनस कायद्याच्या बाहेर आहेत. नाताळाला काही मिळालं नाही तर तो कायदेभंग नाही, उगाच त्यावर अर्ज करू नका.

शाळामास्तर

दवाखान्यांचं राहू द्या, कॉन्व्हेंट शाळांचं बोला! विनाअनुदानित तुकडीवर सही एका आकड्यावर घ्यायची आणि फरक रोखीने परत मागायचा, हे कोणाला ठाऊक नाही? खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा विनाअनुदानित शाळेलाही वेतनश्रेणी बंधनकारक करतो. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवायचा हक्क दिला, पगार बुडवायचा नाही.

कोर्टकचेरी

पगार एकाच्या नावाने आणि पैसे दुसरीकडे, याचा आणखी एक प्रकार बघा. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या धर्मभगिनीचा पगार सरकार तिच्या नावाने देतं आणि ती तो संघाला देते. संघांचं म्हणणं होतं की व्रत घेतल्यावर ती व्यक्ती म्हणून कमावतच नाही, तेव्हा टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापायचा आयकर, कसला? त्याला १९४४ आणि १९७७ च्या परिपत्रकांचा आधार दाखवत. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते नाकारलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. पगार तिच्या नावाने निघाला की टीडीएस कापायचा, पुढे ती तो कोणाला देते हा तिचा प्रश्न.

निर्मळकर

हे इथे कशाला? त्या बायका आयुष्य वाहतात, स्वतःच्या नावावर रुपया ठेवत नाहीत, आणि तुम्ही त्यांच्या पगारावर कर मोजता?

कोर्टकचेरी

मी त्यांच्या त्यागावर एक अक्षर बोललेलो नाही. न्यायालयाचं म्हणणं एवढंच की व्रत हा माणूस आणि त्याचा संघ यांच्यातला प्रश्न आहे. पगार देणाऱ्यापुरती ती नोकरदारच. आणि हा मुद्दा नाईट ड्यूटी यांच्या बाजूचा आहे. ज्यांनी खरोखर व्रत घेतलंय त्यांनासुद्धा कायदा नोकरदार धरतो, तर ज्यांनी घेतलेलंच नाही त्यांना व्रतस्थ कसं धरणार?

निर्मळकर

दवाखान्यांत उलटं असतं. धर्मभगिनी पूर्ण पगार घेत नाहीत, किंवा घेतलेला संघामार्फत दवाखान्यातच परत येतो. म्हणून गरिबाचं बाळंतपण स्वस्तात होतं. हे तरी मान्य करा.

नाईट ड्यूटी

मनापासून मान्य. मग गरिबाच्या बाळंतपणाचा भार धर्मभगिनी आधीच उचलतायत. तोच भार परिचारिकेवर दुसऱ्यांदा का? रात्रपाळी आठ ते आठ, म्हणजे १२ तास. वर ड्यूटी सोपवायला अर्धा तास. ड्रिप किती उरलीय, कोणाचा कॅथेटर कधी बदलला, कोणत्या खाटेचं रक्त यायचंय हे एकेका खाटेपाशी उभं राहून सांगावं लागतं. हा अर्धा तास एकाही हजेरीपटावर नसतो. वरून अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही असा बाँड, आणि मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात.

पगारबिल

ग्रॅच्युइटीचंही सांगतो, कारण ११ महिन्यांचं कंत्राट आणि मध्ये चार दिवसांचा खंड हा प्रकार सलग सेवा मोडून ती टाळण्यासाठीच असतो. असा खंड दाखवला तरी वर्षात २४० दिवस भरले असतील तर सलग सेवेचा दावा उभा राहतो, सोडून देऊ नका. समजा ११ वर्षं नोकरी झाली. २०२५ पर्यंतच्या ग्रॅच्युइटी कायद्याने मूळ आणि महागाईवर हिशेब असा होता: १२,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ११, म्हणजे साधारण ७६,१५४. नोकरी सुटल्यावर लगेच ठरलेल्या नमुन्यात अर्ज भरून मालकाला द्या, पोच घ्या. पैसे नाहीत किंवा उत्तरच नाही, तर मुदतीत ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज. पोच नसली तर अर्ज बारगळू शकतो. नेमणूकपत्र, दरवर्षीचं नूतनीकरण आणि हजेरीचे फोटो आधीपासून घरी ठेवा.

शाळामास्तर

शिक्षकांनाही ग्रॅच्युइटी आहे, २००९ ची दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासून मागे लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती कायम केली. तरी कित्येक शाळा ‘आम्हाला लागू नाही’ म्हणतात.

निर्मळकर

प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं चूक आहे, तेवढं मी मागे घेतो. पीएफचं तुमचं गणितही खोडता येत नाही. पण सरकारी वेतनश्रेणी तालुक्याच्या दवाखान्याला झेपणार नाही, यावर मी ठाम आहे. सक्ती केलीत तर ३० खाटांचा दवाखाना बंद पडेल आणि लोक ६० किलोमीटर लांब जातील.

नाईट ड्यूटी

३० खाटांना सरकारी श्रेणी कोणी मागितलीच नाही, समितीने २०,००० म्हटलंय. तेही झेपत नसेल तर ताळेबंद नोटीस बोर्डवर लावा. औषधांवर किती, बांधकामावर किती, पगारावर किती गेले ते परिचारिकांना बघू द्या. आकडे बघून एखादी म्हणाली की मी कमीवर राहते, तर ती तिची सेवा. तोवर तो तिचा थकलेला पगार आहे.