मदत हवी आहे: क्रिटिकल थिअरीची तोंडओळख करून देणारे माहितीपट

नमस्कार मंडळी,

कोथरूडमध्ये आमचा एक वाचनगट आहे. निवृत्त बँकवाले, आयटीवाले, एक नाटकवाली, एम.ए. करणारा एक मुलगा. यंदा फ्रँकफर्टवाले (म्हणजे समाजाची आणि संस्कृतीची चिकित्सा करणारी 'क्रिटिकल थिअरी' मांडणारे जर्मन विचारवंत) वाचायचं ठरलंय: अडॉर्नो, हॉर्कहायमर, मार्क्यूझ. पण थेट पुस्तकाला हात घातला की दहाव्या पानावर सगळ्यांना चहा आठवतो. म्हणून आधी माहितीपट, मग त्याच विचारवंताची चार-पाच पानं, असा बेत आहे.

जॉन बर्जरची 'वेज ऑफ सीइंग' (बीबीसी, १९७२) मस्त चालली. अर्ध्या तासाचे चारच भाग. पहिल्याच भागात गडी बॉत्तिचेल्लीच्या चित्रातून व्हीनसचा चेहरा कापून काढतो (प्रत असते, घाबरू नका). चित्राच्या हव्या तितक्या प्रती निघायला लागल्या की मूळ चित्राचं काय होतं, हा वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताचा प्रश्न. इथे तो डोळ्यांदेखत उलगडतो, चित्र तेच ठेवून नुसतं संगीत बदललं तरी अर्थ कसा फिरतो तेही दिसतं. त्यानंतर बेंजामिनचा निबंध लोकांनी आपणहून वाचला!

अॅस्ट्रा टेलरचा 'एक्झामिन्ड लाइफ' (२००८) पण आवडला. कचऱ्याच्या ढिगात उभा राहून पर्यावरणावर बोलणारा तत्त्वज्ञ झिझेक कोण विसरेल? पण त्यात फ्रँकफर्टवाले नाहीत. त्याच नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञावरचा 'देरिदा' (२००२) मात्र आमच्या कामाचा नाही. माणूस भरपूर दिसतो, विचार चिमूटभर.

तर मला हवंय ते असं: विचारवंताचं चरित्र कमी आणि त्याचा एखादा मुद्दा नीट उलगडलेला. अडॉर्नोच्या 'संस्कृती उद्योगा'वर (सिनेमा, गाणी वगैरे कारखान्यातल्या मालासारखी तयार होतात, हा मुद्दा) काही आहे का? मार्क्यूझची ब्रायन मगी यांनी बीबीसीसाठी घेतलेली मुलाखत माहीत आहे. दोन खुर्च्या आणि गप्पा एवढंच असलं तरी ती दाखवणार आहोत. 'जय भीम कॉम्रेड' कृपया सुचवू नका. फिल्म जबरदस्तच आहे, पण बहुतेकांनी पाहिली आहे आणि ती वेगळ्या संध्याकाळी दाखवायची आहे.

जर्मन चालेल, इंग्रजी सबटायटल्स हवीत. लॉ कॉलेज रोडच्या फिल्म संग्रहालयात अशा छोट्या गटाला काही पाहता येतं का, कुणाला अनुभव आहे? आणि दीड तासाच्या आतलं सुचवा, साडेआठला हॉल रिकामा करावा लागतो.