बोंडल्याच्या रानात दीडशे-सहाशेचा झूम कशाला?

ताळगावकर

गोव्यात ज्याला पाखरांचे फोटो काढायची हुक्की येते, तो आधी १५०-६०० मिमीचा झूम, म्हणजे लांबचे जवळ आणणारी, कमी-जास्त करता येणारी लेन्स घेतो आणि बरे बूट नंतर. सिग्मा, टॅमरॉन, निकॉनवाल्यांचा २००-५००, सोनीवाल्यांचा २००-६००, नाव कुठलेही असो, हिशेब एकच: जितके मिमी जास्त तितका पक्षी मोठा. माझे म्हणणे असे की निदान घाटाकडच्या रानासाठी ही खरेदी चुकीची आहे.

बोंडला, मोले, तांबडी सुर्ला, नेत्रावळी. इथे अडचण अंतराची नसते, उजेडाची असते. मलबारी कर्णा हा पक्षी बसतो दाट सावलीत, आणि बऱ्याचदा दहा-बारा मीटरांवरच बसतो. झूम ६०० ला ताणला की भोक एफ/६.३ (एफचा आकडा जितका मोठा, तितका सेन्सरवर उजेड कमी). सकाळी आठला झाडीखाली आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदना, ३२००, ६४०० करत नेली तरी शटर कसाबसा १/२०० सेकंद मिळतो. तिथेच एफ/४ ची लेन्स असती तर १/५०० मिळाला असता. कर्ण्याने मान वळवली तर एक फोटो टिकतो आणि दुसरा जातो, एवढा हा फरक आहे. आणि लांबचा पक्षी दिसलाच, तर मध्ये चार फांद्या नि दोन वेली असतातच. मिमी वाढवले म्हणून पाने बाजूला होत नाहीत.

वजनाचे तर बोलायलाच नको. सिग्माचा कंटेम्पररी १९३० ग्रॅम, स्पोर्ट २८६० ग्रॅम. त्याउलट झूम न होणाऱ्या फिक्स लेन्सांत निकॉनचा ३०० एफ/४ पीएफ ७५५ ग्रॅम, कॅननचा जुना ४०० एफ/५.६ सव्वा किलो. दोन्ही सेकंडहँड मिळतात. कॅननच्या त्या लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर नाही, १९९३ ची आहे ती, पण फोकस अजून झटकन पकडते. झूम म्हणजे सगळे थोडे थोडे, पुरते काहीच नाही. कोणाला पटत नसेल तर सांगा.

करमळीचा कमळपक्षी

पटत नाही. तुमचा गोवा फोंड्याच्या पलीकडेच सुरू होतो वाटते!

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला या. सलीम अली अभयारण्य म्हणजे १.७८ चौरस किलोमीटर तिवरांचे रान. पायवाटेवरून जेवढे दिसेल तेवढेच तुमचे, खाली उतरायची सोय नाही. करमळीच्या तळ्यावर अडया बदके बसतात त्या मधोमध. कुडतरीच्या तळ्यांवर तेच. कुडचड्याजवळचे नंदा तळे २०२२ ला रामसर या जागतिक पाणथळींच्या यादीत गेले, गोव्यातले पहिले, तिथे जाऊन ३०० मिमीने कमळपक्षी टिपून दाखवा. जांभळी पाणकोंबडी मिळेल, कारण ती कोंबडीएवढी असते. बाकी सगळे ठिपके. खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खारजमिनीत, तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये पाणी नाही तर मांडीभर चिखल असतो. तिथे 'पायाने झूम करा' हा सल्ला देणाऱ्याला मी बांधावरून खाली ढकलीन.

दुसरे, झुवारीतली होडी. कुठ्ठाळीहून कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरले की एका वळणावर कॉलर्ड किंगफिशर पार आत तिवराच्या मुळांवर, पुढच्या वळणावर मगर दहा हातांवर. पश्चिम किनाऱ्यावर हा खंड्या मोजक्याच ठिकाणी दिसतो, म्हणून लांबून लांबून लोक इथे येतात. त्यांच्यापैकी एकजण ५०० ची फिक्स लेन्स घेऊन आला होता. त्याला खंड्या मिळाला, मगरीचा एक डोळा मिळाला. मी ६०० वरून २०० वर आलो आणि सगळी मगर घेतली.

आणि पक्षी शोधायचे काय? २०० वर ठेवून झाड पकडायचे, मग ६०० ला जायचे. ब्राह्मणी घार डोक्यावरून जाते तेव्हा नवखा माणूस फिक्स लेन्समधून नुसते आभाळ बघत राहतो.

डिचोलीचा मास्तर

ताळगावकर, उजेडाचा तुमचा हिशेब अर्धाच आहे. पुरा मांडतो.

लेन्सचे खरे भोक म्हणजे मिमी भागिले एफ. ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिमी. ३०० भागिले ४ म्हणजे ७५ मिमी. पक्षी तोच, अंतर तेच, तर त्या पक्ष्याकडून आलेला उजेड ९५ च्या भोकातून जास्त येतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. ७५ चा वर्ग ५६२५, ९५ चा ९०२५. म्हणजे झूम त्या कर्ण्याचा १.६ पट उजेड गोळा करतो. ३०० वाला फोटो क्रॉप करून, म्हणजे कडा कापून, पक्षी तेवढाच मोठा केलात, तर एफ/४ चा फायदा क्रॉपमध्ये जातोच, वर दाणेही जास्त दिसतात.

तुमचे म्हणणे खरे होते ते एकाच ठिकाणी: पक्षी इतका जवळ असेल की ३०० मध्येच चौकट भरते. तेव्हा झूमही ३०० वर आणावा लागतो, आणि त्या जागी तो साधारण एफ/५.६ असतो. भोक ५३-५४ मिमी. तिथे तुमची फिक्स लेन्स सरळ एका स्टॉपने, म्हणजे दुप्पट उजेडाने, जिंकते.

म्हणजे प्रश्न रान की खाजन हा नव्हेच, पक्षी किती लांब हा आहे. ६०० एफ/४ ची गोष्ट वेगळी, तिचे भोक १५० मिमी. पण ती घ्यायला शेत विकावे लागेल, आणि उचलायला तीन किलो.

ताळगावकर

मास्तर, गणित बरोबर आहे, पण रानात माणूस गणित करत नाही, फोकस करतो. जुन्या डीएसएलआरचे, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचे, फोकसचे बहुतेक बिंदू एफ/५.६ पर्यंतच्या लेन्सांसाठी बनवलेले. एफ/६.३ चा झूम सावलीत लावला की ती मोटर पुढे-मागे, पुढे-मागे, आणि तोवर पक्षी कर्नाटकात. एफ/४ ला तोच बिंदू चटकन बसतो.

आणि मी क्रॉप करत नाही. रानात मी जवळ जातो. गप बसतो, कपडे मातकट, अर्धा-पाऊण तास हलत नाही. पक्षीच येतो जवळ. ही कला झूमवाल्यांनी घालवली.

डिचोलीचा मास्तर

डीएसएलआरपुरते मान्य. बिनआरशाच्या मिररलेसमध्ये ती अट राहिली नाही. कॅननने २०२० मध्ये ६०० आणि ८०० एफ/११ काढल्या, ६०० ची तर ९३० ग्रॅमची, आणि त्यांवरही फोकस होतो. बोंडल्याला मात्र एफ/११ नेऊ नका म्हणजे झाले.

सांगेची बाय

"मी जवळ जातो." इथेच थांबते मी.

नेत्रावळी आमच्या अंगणात आहे म्हणा. पावसाळ्यात तिबोटी खंड्या ओहोळाच्या काठी मातीच्या दरडीत बीळ करतो. चिमणीपेक्षा लहान जीव. पिल्लांसाठी दिवसभर पाल, बेडूक, कोळी आणत असतो. समोर मातकट कपड्यांतला माणूस गप्प बसला, तरी खंड्या चोचीत बेडूक घेऊन फांदीवरच थांबतो. तुमच्या दृष्टीने ती 'पोझ'. त्याच्या दृष्टीने तो माणूस उठून जायची वाट बघत असतो. बिळात पिल्ले उपाशी. कॅमेरावाल्यांची रांग लागते तिथे बघितलेले आहे मी.

म्हणून मला झूमच बरा वाटतो, आणि लांबचाच. पंचवीस-तीस मीटरांवरून काढता आला तर काढा, नाही तर दुर्बिणीने बघा आणि घरी जा. फ्रॉगमाउथ या रातपक्ष्याचेही तेच. दिवसा तो हलत नाही, म्हणून सगळ्यांना वाटते त्याला काही होत नाही. न हलणे हाच त्याचा बचाव आहे. त्याच्या तोंडासमोर लेन्स नेऊन वर म्हणायचे की रानात अंतराची अडचण नसते!

ताळगावकर

बाय, घरट्यापाशी मी जात नाही, हे लिहायला हवे होते. मी म्हणतो ते वाटेवर बसून राहण्याबद्दल. पण एक सांगा, त्या दरडीसमोरच्या रांगेत कोणाच्या हातात काय होते? सगळे दीडशे-सहाशेच ना? लांब लेन्स आली म्हणून माणूस लांब राहिला असे मला तरी दिसत नाही. आधी पूर्ण पक्षी हवा असतो, मग डोळा, मग डोळ्यातले प्रतिबिंब. ६०० घेऊनही तो पाच मीटरांवरच उभा.

सांगेची बाय

हो, सगळ्यांकडे मोठ्याच होत्या. तेवढे तुमचे खरे. पण ६०० वाल्याला मी "मागे सरा" म्हणू शकते. तो कुरकुरतो, पण सरतो, कारण त्याला तिथूनही फोटो मिळतो. तुमच्या ३०० वाल्याला मागे सरा म्हटले तर तो भांडतो.

करमळीचा कमळपक्षी

बायला माझे मत!

पेडण्याचा नवखा

मध्येच विचारतो, रागावू नका. मी मोरजीच्या किनाऱ्यावर जातो, चिखल्या, कुरव, सुरय बघायला. हातात निकॉनचा पी९०० आहे, २००० मिमीचा. तो असताना लेन्सवर एवढा खर्च कशाला करायचा? फोटो धुरकट येतात, तेवढीच तक्रार.

डिचोलीचा मास्तर

ते २००० मिमी पूर्ण फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेतले. खरी लेन्स ३५७ मिमीची, एफ/६.५, म्हणजे भोक ५५ मिमी, आणि मागे नखाएवढा सेन्सर. पक्षी कुठला हे ओळखायला आणि नोंद ठेवायला फार चांगला कॅमेरा आहे तो. मोठा छापायला गेलात की पिसांची खीर होते.

पण तुमचा धुरकटपणा बहुधा कॅमेऱ्याचा नाही. किती वाजता जाता? दहानंतर वाळू तापली की तिच्यावरची हवा थरथरते. त्या थरथरत्या हवेतून साठ मीटरांवरचा चिखल्या काढला तर लाखो रुपयांची लेन्सही तसाच दाखवील. खाजनातही हेच, मार्चपासून तर विचारू नका. मोठा झूम घेतल्यावर "लेन्स सॉफ्ट आहे" म्हणून बोंब मारणारे निम्मे लोक दुपारी फोटो काढणारे असतात. उजाडता उजाडता जा, वाळूवर पोटावर पडा, भरती चढत असताना पक्षी आपणच किनाऱ्याकडे सरकतात. पी९०० नेच फरक दिसेल.

पेडण्याचा नवखा

साडेदहाला जात होतो. नाश्ता करून.

सांगेची बाय

झूमवाल्यांना आणखी एक, याच्यावर कोणी बोललाच नाही. बुरशी. १५०-६०० ची नळी ताणली की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिटली की बाहेर. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा म्हणजे पाणीच. माझ्या पहिल्या झूमच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आले, दुरुस्तीला जेवढे सांगितले तेवढ्यात जुनी लेन्स आली असती. सोनीचा २००-६०० आणि निकॉनचा झेड १८०-६०० आतल्या आत झूम होतात, लांबी बदलत नाही, त्यांना हा त्रास कमी. नाही असे नाही. काहीही घ्या, पण ४०-५० टक्के आर्द्रता राखणारे ड्राय कॅबिनेट त्याच दिवशी घ्या. ते जमत नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, आणि जेल गुलाबी पडले की तापवून पुन्हा निळे करून ठेवायचे. कपाटात कपड्यांच्या घडीत लेन्स ठेवणारे अजून आहेत, म्हणून सांगते.

ताळगावकर

बघा, झूमच्या विरुद्ध हा मुद्दा माझ्याच लक्षात आला नव्हता. फिक्स लेन्सची नळी ताणत नाही!

सांगेची बाय

तुमचा मुद्दा म्हणून नाही दिलेला. फिक्स लेन्सलाही बुरशी येते. ती फक्त जरा आरामात येते.

करमळीचा कमळपक्षी

नवख्याने काय घ्यायचे ते कोणीच धड सांगितले नाही. मोरजी, चोडण, तळी हेच फिरणार असशील तर सेकंडहँड २००-५०० किंवा १५०-६०० घे, डोळे झाकून. घ्यायच्या आधी मात्र डोळे उघडे ठेव: मोबाईलची बॅटरी काचेवर मारून आत बघ, ६०० ला ताणून उघड्या भोकावर चार फोटो काढून बघ, आणि लेन्स खाली धरल्यावर नळी आपोआप घसरते का ते बघ. ट्रायपॉड होडीत नेऊ नकोस. इंजिनाची थरथर पायांतून सगळी वर येते, हातात धरलेला बरा. तुला रानाची ओढ लागली तर ताळगावकरांचे ऐक, पण पावसाळ्यात बायच्या नजरेला पडू नकोस.

आणि ताळगावकर, तो ३०० एफ/४ विकायचा झाला तर कळवा. बहिणीला फुलपाखरांसाठी हवा आहे.

ताळगावकर

विकणार नाही. फुलपाखरांना तो खरेच छान आहे, पण त्यांना तिने १०५ चा मॅक्रो घ्यावा. भाच्याने काल १५०-६०० घेतला, आता तो मला विचारतो चोडणला कधी जाऊया. रविवारी सकाळच्या पहिल्या फेरीबोटीला येतो आहोत. कमळपक्षी, तुम्ही असलात तर त्याला तुमचे ते २०० वरून ६०० चे काय ते दाखवा. मी ३०० घेऊन येईन.

करमळीचा कमळपक्षी

या. तुमच्यासाठी फेरीबोटीच्या कठड्यावरचे कावळे राखून ठेवतो, ३०० ला तेवढे पुरतील.