निक्सन यांच्या धोरणांचा हिशेब वॉटरगेट वगळून मांडता येईल का?

वाटाड्या (धागाकर्ता)

अमेरिकेचे ३७वे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे नाव निघाले की चर्चा वॉटरगेटपाशी (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घरफोडी आणि ती दडपण्याचे प्रकरण) सुरू होते आणि तिथेच संपते. ९ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांना पद सोडावे लागले, ते योग्यच झाले. मात्र एखाद्या माणसाचे गुन्हे आणि त्याची धोरणे यांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे व्हायला हवे, असे माझे मत आहे. १९७० साली त्यांनी पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन केली, त्याच वर्षअखेरीस हवा शुद्धीकरणाच्या कडक कायद्यावर सही केली, १९७१ मध्ये कर्करोग संशोधनासाठी विशेष कायदा आणला. फेब्रुवारी १९७२ मध्ये ते चीनला गेले आणि दोन दशकांहून अधिक काळ बंद असलेले दार उघडले. त्याच वर्षी मे महिन्यात मॉस्कोत अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारे करार झाले. १९७३ पासून अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती झालेली नाही, तेही त्यांच्याच निर्णयामुळे. साम्यवादाचा कडवा विरोधक म्हणून मोठा झालेल्या नेत्याची ही यादी आहे, हे लक्षात घ्यावे.

उत्तरा

पर्यावरणाचे श्रेय देताना आपण थोडी घाई केली आहे. १९६९ मध्ये सांता बार्बराच्या किनाऱ्यावर तेल पसरले, एप्रिल १९७० मध्ये पहिल्या वसुंधरा दिनाला लाखो लोक रस्त्यावर आले, आणि काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) दोन्ही सभागृहे विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती होती. वारा येईल तशी पाठ द्यावी, एवढेच निक्सन यांनी केले. पुरावा हवा असेल तर १९७२चा जलशुद्धीकरण कायदा पाहावा. खर्च फार होतो म्हणून त्यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि काँग्रेसने दोन-तृतीयांश बहुमताने तो मोडून कायदा मंजूर केला. आपल्या यादीत हा कायदा नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही.

वाटाड्या

हा आक्षेप मान्य आहे. तरीही पर्यावरण संस्था त्यांनी स्वतःच्या पुनर्रचना योजनेद्वारे उभी केली. हेतू शुद्ध नव्हता म्हणून काही हवा अशुद्ध राहिली नाही.

अर्थार्थी

अर्थकारणाचा मुद्दा दोघांनीही वगळला आहे, आणि माझ्या मते निक्सन यांचे खरे मोजमाप तिथेच होते. १५ ऑगस्ट १९७१ रोजी त्यांनी एकाच भाषणात तीन घोषणा केल्या: परदेशी सरकारांना ३५ डॉलरला एक औंस या दराने सोने देणे बंद, आयातीवर १० टक्के अधिभार, आणि ९० दिवसांसाठी वेतन व किमती गोठवणे. यांपैकी सोन्याचा निर्णय कोणत्याही अध्यक्षाला आज ना उद्या घ्यावाच लागला असता, कारण परदेशांत साठलेले डॉलर अमेरिकेच्या सुवर्णसाठ्याच्या कितीतरी पुढे गेले होते. किमती गोठवण्याला मात्र असा कोणताही आधार नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निक्सन स्वतः किंमत नियंत्रण खात्यात नोकरीला होते आणि त्या अनुभवानंतर ते अशा नियंत्रणांच्या विरोधातच बोलत आले होते. म्हणजे हा अज्ञानातून झालेला प्रमाद नव्हता. नोव्हेंबर १९७२ मध्ये ५०पैकी ४९ राज्ये जिंकेपर्यंत महागाई दबून राहिली; १९७३च्या उन्हाळ्यात पुन्हा किमती गोठवल्या तेव्हा खाद्य महाग आणि कोंबडीचा भाव बांधलेला, अशा कात्रीत सापडलेल्या कुक्कुटपालकांनी पिल्ले मारून टाकली. १९७४ मध्ये महागाईचा दर १० टक्क्यांच्या वर गेला. त्यात ऑक्टोबर १९७३ पासूनच्या अरब तेलबंदीचा वाटा मोठा आहे, हे मी नाकारत नाही. परंतु दाबून ठेवलेली वाफ कधीतरी बाहेर पडणारच होती.

शंकेखोर

सक्तीची भरती बंद झाली हे खरे. त्याआधीच्या चार वर्षांत व्हिएतनाममध्ये २०,०००हून अधिक अमेरिकी सैनिक मेले आणि तिथल्या स्थानिकांपैकी त्याहून कितीतरी अधिक, हेही त्याच पानावर लिहावे.

उत्तरा

धागाकर्त्यांच्या मूळ गृहीतकाकडे परत येते. धोरणे आणि गुन्हे वेगळे काढता येतात, हेच मला पटत नाही. मार्च १९६९ मध्ये कंबोडियावर गुप्त बॉम्बहल्ले सुरू झाले आणि ते लपवण्यासाठी लष्करी नोंदीही खोट्या केल्या गेल्या. मे महिन्यात एका वृत्तपत्राने ही बातमी फोडली, तेव्हा बातमी कोणी दिली हे शोधण्यासाठी अधिकाऱ्यांचे आणि पत्रकारांचे दूरध्वनी चोरून ऐकले जाऊ लागले. १९७१ मध्ये व्हिएतनामविषयीची गोपनीय कागदपत्रे फुटल्यावर गळती रोखण्यासाठी व्हाइट हाउसमध्ये एक खास पथक तयार झाले, आणि त्याच पथकातील माणसांनी पुढे वॉटरगेटच्या घरफोडीची आखणी केली. ही एकच वाट आहे. तिचे पहिले पाऊल धोरण आणि शेवटचे पाऊल गुन्हा, अशी रेघ नेमकी कुठे ओढायची?

चीनचे दारही याच गुप्ततेने उघडले. जुलै १९७१ मध्ये पोट बिघडल्याचे सोंग करून निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर पाकिस्तानातून बीजिंगला गेले, आणि ही व्यवस्था करणारे पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान यांचे सैन्य २५ मार्चपासून पूर्व पाकिस्तानात कत्तल करत होते. ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी सहकाऱ्यांसह एप्रिलमध्ये निषेधाची तार पाठवली, तर त्यांनाच तिथून हलवण्यात आले. सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. चीनभेटीचे श्रेय देताना हे ओझे कोणाच्या माथी मारायचे, ते आपण सांगावे.

वाटाड्या

चोरून ऐकण्याची सुरुवात कंबोडियापासून झाली, या दुव्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझे गृहीतक तिथे तुटते. चीनबाबत मात्र मी एक भेद करू इच्छितो. निक्सन यांनी रोमानियामार्फतही निरोप पाठवले होते, म्हणजे पाकिस्तान हा एकमेव मार्ग नव्हता. शिवाय जुलैमध्ये किसिंजर बीजिंगला पोहोचल्यावर थेट संपर्क जुळला आणि मध्यस्थाची निकड उरली नाही. तरीही डिसेंबरमध्ये भारत-पाकिस्तान युद्धाच्या वेळी ‘एंटरप्राइज’ ही अमेरिकी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडण्यात आली. पूर्व पाकिस्तानातील कत्तलीबाबतचे मौन ही चीनशी मैत्रीची किंमत होती, असा बचाव निक्सन यांचे समर्थक करतात, आणि आजवर मीही करत होतो. तारखा नीट लावून पाहिल्या तर जुलैनंतर तो टिकत नाही. त्यामुळे चीनभेट मी जमेच्या बाजूलाच ठेवतो, पण पूर्व पाकिस्तानचा खर्च तिच्या खात्यावर न टाकता निक्सन यांच्या स्वतःच्या नावे लिहितो. सैन्यभरतीविषयी शंकेखोर यांचे म्हणणे योग्य आहे, तरी त्या निर्णयाचे मोल मी कमी करणार नाही.