सावली पडताच खडकाला आवळून बसणारा कायटन : कोणता असेल?

मदत हवी आहे. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला ओहोटीच्या वेळी खडकांवर हिंडताना हा कायटन, म्हणजे शंख-शिंपल्यांच्या गटातला, खडकाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी दिसला. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, पाठीवर आठ आडव्या पाट्या, भोवती काळी-पांढरी पट्टेदार, केसाळ झालर. आधी वाटलं खडकाचाच टवका आहे. फोटो काढायला वाकलो, माझी सावली त्याच्यावर पडली आणि गडी झालर दाबून घट्ट बसला. हात लावलाही नव्हता!

घरी येऊन शोधल्यावर ‘अकँथोप्ल्यूरा ग्रॅन्युलाटा’ हे नाव सापडलं. त्याच्या कवचात शेकडो बारीक डोळे असतात म्हणे. माझ्या फोटोत मात्र पाट्यांचा मधला भाग झिजून तपकिरी झालाय, डोळे कुठेच नाहीत. त्याच भागात ‘कायटन ट्युबरक्युलेटस’ ही असे डोळे नसलेली जातही असते. मग हा कोणता? सावलीला दचकला म्हणजे डोळेवालाच, असं धरावं का?

प्रतिसाद १
सावलीवरून ठरवू नका. डोळे नसलेले कायटनही उजेड कमी झाला की आवळून बसतात, त्यांच्या कवचात प्रकाश जाणवणारे सूक्ष्म अवयव असतात. ग्रॅन्युलाटाचं वेगळेपण २०११च्या एका प्रयोगात दिसलं. वर काळी चकती आली की तो आवळायचा, पण तेवढाच उजेड सगळीकडून सारखा कमी केला तर नाही. म्हणजे त्याला वस्तू दिसते, अंधुक का होईना. भिंगं ॲरागोनाइटची, म्हणजे शिंपल्यात असतं त्याच खनिजाची.

आता तुमच्या कायटनचे डोळे कुठे गेले? लाटांनी कवच झिजतं तसे जुने डोळेही झिजतात. नवे पाटीच्या कडेला उगवतात. फोटो मोठा करून कडा बघा, टाचणीच्या टोकाहून बारीक काळे ठिपके शोधा. झालरही बघा : ट्युबरक्युलेटसची खवल्यांची असते, केसाळ नाही.

प्रतिसाद २
झालर वाचूनच मी ग्रॅन्युलाटा म्हणालो असतो. एक विनंती, पुढच्या वेळी सुरीने उचकटू नका. मऊ अंगाला इजा होते, आणि सुटलाच तर खवल्या मांजरासारखा गुंडाळून घेतो, खालची बाजू तशीही दिसत नाही.

धागाकर्ता
सुरी नव्हती हो, फक्त मोबाइल! दुसऱ्या आणि तिसऱ्या पाटीच्या कडेला ठिपक्यांची रांग आहे, मी ती वाळू समजत होतो. झालर तर केसाळ आहेच. एक राहिलं : कायटनच्या दातांवर मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं कठीण चुंबकीय खनिज असतं हे खरं का?

प्रतिसाद १
खरं आहे. खडकावरचं शेवाळ खरवडताना दगडही घासला जातो, साधे दात टिकले नसते. पुढचे झिजतात, मागून नवे सरकत येतात.